समुद्रातलं निंदण: अंदमानच्या प्रवाळ रोपवाटिकेत एक दिवस, ५ पैकी साडेतीन

पहिलेच सांगून देतो, मी ५ पैकी साडेतीन स्टार देऊन राहिलो. दीड काहून कापले ते खाली येईनच, पण ज्याले पूर्ण वाचायचा कंटाळा त्याच्यासाठी थोडक्यात: पोरंबाळं घेऊन अंदमानले जात असाल तं पाण्याखालच्या फोटोवर पैसे उडवण्यापेक्षा समुद्रात प्रवाळाचे तुकडे वाढवणाऱ्या रोपवाटिकेतला हा एक दिवस घ्या, फक्त जाहिरातीत जे दाखवते ते डोक्यातून काढून जा. नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, आणि माझं भांडण त्यांच्या एका सवयीशी आहे, अख्ख्या दुकानाशी नाही.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, जिल्हा गोंदिया. गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव, म्हणजे हिशोब मी लिहितो आणि शिव्या बी मीच खातो. आमच्याकडे समुद्र नाही पण पाणी भल्लं आहे, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या काळी कोहळी लोकांनी बांधलेले, आणि त्या पाण्यावर आमचा ढिवर समाज जगते. हे काहून सांगून राहिलो तं हा रिव्ह्यू पुण्या-मुंबईच्या टुरिस्टचा नाही, मासे धरणाऱ्या माणसाचा आहे. आम्ही पाण्यात पैसे टाकून पाहिले आहेत आणि ते बुडलेले बी पाहिले आहेत.

झालं असं की बहीण-जावई पोर्ट ब्लेअरले नोकरीवर आहेत (२०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, पण जावई बी पोर्ट ब्लेअरच म्हणतात). तीन वर्षांपासून बोलावून राहिले होते. मागच्या फेब्रुवारीत आमचं ठरलं, मी, बायको, आठवीतली पोरगी आणि बाबा. बाबा अडुसष्टचे. सारी जिंदगी तलावात गेली पण समुद्र पाहिला नव्हता. गोंदियावरून हावडा गाडी, मग कलकत्त्यावरून विमान, दोन-सव्वादोन तास. विमानात खाली पाणीच पाणी दिसलं तं बाबा खिडकीले नाक लावून म्हणते, "याचा ठेका कोण घेतला असन जी?"

बुकिंग पोरीनं मोबाइलवर केलं. मोठ्या माणसाले साडेतीन हजार, लेकराले अडीच, आणि बाबाचं वय ऐकून त्यांनी अर्धे केले, हे त्यांच्याकडून आपणहून, आम्ही मागितलं नव्हतं. त्यात गाडी, नाव, मास्क-नळी, जेवण सगळं आलं. 'एक प्रवाळ दत्तक घ्या' अशी योजना वेगळी, दोन हजाराची, प्रमाणपत्र आणि दर सहा महिन्याले फोटो. पोरीच्या हट्टापायी तेबी घेतलं. महाग आहे का? हो, आमच्या हिशोबानं महागच आहे, चार माणसाच्या एका दिवसात आमच्याकडे बांधीभर रोवणी होते.

आता जाहिरातीबद्दल. जाहिरातीत एक बाई पाण्याखाली हातात जिवंत प्रवाळाची फांदी घेऊन हसून राहिली आहे आणि खाली लिहिलं आहे 'स्वतःच्या हातानं लावा'. आम्ही तसंच समजून गेलो. तिथं गेल्यावर पहिल्याच पंधरा मिनिटात सांगितलं की जिवंत प्रवाळाले हात लावायचा नाही, पाय तं नाहीच नाही, लावायचं काम फक्त त्यांचे शिकलेले पाणबुडे करतात, तेबी वनखात्याची परवानगी घेऊन. मी तिथंच भडकलो होतो, म्हटलं मंग फोटो कशाचा टाकला. पण जी पोरगी माहिती देत होती, तमिळनाडूकडची, समुद्री जीवशास्त्र शिकलेली, हिंदी आपल्यापेक्षा बरी, तिनं जे सांगितलं ते पटलं. म्हणे प्रवाळ हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २००१ पासून. म्हणजे आमच्या नवेगाव-नागझिऱ्याचा वाघ ज्या यादीत त्याच यादीत. वाघाले कोणी टुरिस्टच्या मांडीवर देते का? नाही देत. मंग फोटो बी तसा टाकू नका ना बाप्पा. अर्धा स्टार इथं गेला.

सकाळी साडेसहाले गाडी आली, वंडूरच्या बाजूनं घेऊन गेले. तिथं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ सालचं, पण यांची जागा उद्यानाच्या बाहेर, एका छोट्या खाडीच्या तोंडाशी. नारळाच्या झाडाखाली बाकडे टाकलेले, एक फळा, आणि टेबलावर मेलेल्या प्रवाळाचे जुने तुकडे. पहिला तास शाळाच. मी म्हटलं आता झोप येते, पण नाही आली.

माझ्या पोरीनं विचारलं, प्रवाळ म्हणजे पोवळंच ना, मामाच्या अंगठीत असते ते, मंगळाचं? माहिती देणाऱ्या ताई हसल्या. म्हणे अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या घराण्यातलं, ते भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी खोल, अंधाऱ्या पाण्यात होते आणि त्याच्यानं असे खडक बनत नाहीत. इथलं जे आहे ते उथळ, गरम, स्वच्छ पाण्यातलं. दगड वाटते, झाडासारखं दिसते, पण आहे प्राणी. मुगाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान जीव, हजारो एका जागी चिकटून बसलेले, आपल्या बुडाखाली चुना घालत जातात आणि त्या चुन्याची वस्ती म्हणजे हा खडक. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या खडकानं व्यापलेला नाही, आणि समुद्रातल्या जवळपास पाव जाती याच्या आसऱ्यानं राहतात. हे ऐकून बाबा सावरून बसले. कारण आमच्या तलावातबी मासे उघड्या पाण्यात नसतात, ते राहतात झाडोऱ्यात.

आणि मंग ताईनं ते रंग उडायचं प्रकरण सांगितलं. मी ते माझ्या भाषेत सांगतो, कारण त्या वेळी मी बाबाले असंच समजावलं. प्रवाळाच्या अंगात एक बारीक शेवाळ राहते, बटईनं वावर करणाऱ्यासारखं. राहायची जागा मालकाची, ऊन खाऊन अन्न पिकवायचं काम त्याचं, आणि पिकलं की जास्तीत जास्त हिस्सा मालकाले. रंगसुद्धा बहुतेक त्याचाच. आता पाणी तापलं, किती, तं तिथल्या उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमालीपेक्षा फक्त एक अंश, पण तेवढं काही आठवडे टिकलं की त्या शेवाळाचं काम बिघडते, ते मालकाच्या अंगातच विषारी पदार्थ तयार कराले लागते आणि मालक त्याले हाकलून देते. मागं उरते पांढरं फट्ट. मेलेलं नसते, उपाशी असते. लवकर पाणी थंडावलं तं बटईदार वापस येते, नाही तं गेलं.

एक अंश राजेहो. आमच्याकडे पंचेचाळीसचे सेहेचाळीस झाले तं माणूस कुलरमध्ये दोन बादल्या पाणी जास्त टाकते, बस. अंदमानात १९९८ ले झालं, २०१० ले तं लय मोठं झालं, २०१६ ले पुन्हा. आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभराच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की अख्ख्या दुनियेत चौथ्यांदा हे सुरू आहे. त्याच्यावर २००४ चा त्सुनामीवाला भूकंप वेगळा, उत्तर अंदमानात जमीन वर उचलली गेली आणि खडक पाण्याबाहेर उघडे पडून जागीच वाळले.

हे सगळं झाल्यावर एक चहा, आणि मंग काम. इथं बरेच जण नाराज होतात म्हणे आणि आमची बायकोबी झाली, पण मले विचाराल तं आख्ख्या पॅकेजमधलं सगळ्यात चांगलं हेच. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रिकामे लोखंडी टेबल घासायचे. टेबल म्हणजे लोखंडी सळ्यांची चौकट, तिच्यावर जाळी किंवा दोऱ्या. वादळानं नाही तं नांगरानं तुटून खाली पडलेले प्रवाळाचे तुकडे असतात, बोटाएवढे, ते तसेच राहिले तं लाटेनं लोळून लोळून मरतात, तेच तुकडे आणून या टेबलावर बांधतात, तिथं वाढवतात, आणि मोठे झाले की खडकावर सिमेंटनं नाही तं खिळ्यानं बसवतात. बाबानं एका मिनिटात ओळखलं, आमच्याकडे धानाच्या रोपाले पऱ्हे म्हणतात. "अरे, हे तं पऱ्हे हायेत. पऱ्हे टाकले, मंग रोवणी."

ताईले पऱ्हे म्हणजे काय ते सांगाले मले दहा मिनिटं लागले. तिच्या गावाकडेबी धानच, कावेरीच्या पाण्यावरचा. कळल्याबरोबर ती स्वतःच म्हणाली, मंग आता तुम्ही करून राहिले ते काय? बाबा म्हणते निंदण. टेबलावर, दोरीवर शेवाळ चढते, शिंपले चिकटतात, ते घासलं नाही तं प्रवाळाच्या तुकड्यावर चढून त्याचा जीव घेते. म्हणून त्यांचे पाणबुडे दर आठवड्या-पंधरवड्याले खाली जाऊन दात घासायच्या ब्रशनं एकएक तुकड्याची आजूबाजू साफ करतात. दात घासायचा ब्रश. मी हसलो, पण विचार करा, पाण्याखाली, श्वासाची टाकी पाठीवर, आणि शेकडो तुकडे.

आता थोडं आमचं सांगतो. आमच्या तलावातले देशी मासे, मरळ, मागूर, शिंगी, हे कमी कमी होत गेले. रोहू-कतलाचं बीज टाकत राहिलो, सोबत कोणीतरी ग्रास कार्प टाकला आणि त्यानं पाण्यातला सारा हिरवा चारा फस्त केला, काठावर बेशरम नावाची रानटी झुडपं माजली. मंग आमच्या भागात काही संस्था आणि ढिवर बायांच्या गटांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि पाऊस पडल्यावर पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा रोवल्या. भंडाऱ्याच्या निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं या कामात लय मेहनत घेतली. मी स्वतः चिखलात उभा राहिलेला आहे, म्हणून सांगतो, रोवणीच्या दिवशी फोटो काढाले पाहुणे येतात, बॅनर लागते, पोहे-चहा होते. पुढच्या साली बेशरम पुन्हा फुटते तेव्हा उपटाले आपणच.

म्हणून ही घासायची दोन तासाची कंटाळवाणी मजुरी त्यांनी टुरिस्टच्या माथी मारली हे मले पटलं. हातमोजे द्या पण चांगले, माझ्या डाव्या हाताचा मोजा फाटलेला होता आणि शिंपल्यानं बोट कापलं, खाऱ्या पाण्यात जे झोंबलं ते आता लिहितानाही आठवते. मलमपट्टी लगेच केली, ते चांगलं. मोज्यासाठी अजून पाव स्टार कापला.

मंग पाण्यात. नावेनं पाच मिनिटं, आणि सगळ्यांले लाइफ जॅकेट. बाबा म्हणे मी नाही घालत, सत्तर फूट पाण्यात जाळं लावलेला माणूस मी (आमच्या तलावात सत्तर फूट पाणी कुठं आहे ते विचारू नका). नाववाला रांचीकडच्या लोकांपैकी, त्याच्या आजाले इंग्रजांच्या काळात छोटा नागपुराकडून मजुरीले आणलं होतं, तो शांतपणे म्हणाला, बाबा, इकडे खाऱ्या पाण्यातली मगर असते, घाला. बाबानं घातलं. मगर खोटी नाही, वंडूरच्या किनाऱ्यावर तं त्यापायी जाळी लावून पोहायची जागा वेगळी केलेली आहे, म्हणून नाववाला सांगन तिथंच उतरा, शहाणपणा करू नका.

पाण्यात डोकं घातल्यावर काय दिसलं ते मी लिहू शकत नाही आणि लिहायचा प्रयत्नही करत नाही, पोरीनं नळीतून किंचाळलं एवढं सांगतो. रोपवाटिका पाच-सहा मीटर खाली, टेबलं रांगेत, एकेका टेबलावर वीस-वीस तुकडे, आणि प्रत्येकाले नंबरचा बिल्ला. काही हरणाच्या शिंगासारखे फुटलेले, टोकं निळसर. हे जातीचे लवकर वाढतात, सालाले दहा सेंटीमीटरच्या आसपास जातात. पण घुमटासारखे जे मोठे प्रवाळ बाजूच्या खडकावर होते, ते सालाले सेंटीमीटरभर वाढतात, कधी तेवढेबी नाही. एक आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाएवढा होता. म्हणजे हिशोब लावा, तो बाबापेक्षा मोठा असन, आणि कोण्या नावेच्या नांगरानं एका सेकंदात त्याची टवका उडालेली, ती पांढरी खाच दिसत होती.

पोपटमासा दिसला. खरंच पोपटासारखी चोच. तो प्रवाळाचा खडक कुरतडून त्यावरचं शेवाळ खाते, दगडाचा चुरा पोटातून मागून सोडते, आणि तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूवर फोटो काढता त्यातली बरीच वाळू म्हणजे हीच. हे सांगितल्यावर बायकोनं किनाऱ्यावरची वाळू झटकली. पण कामाची गोष्ट ही की हा मासा फुकटात निंदण करते. तो जास्त धरला गेला की शेवाळ माजते आणि प्रवाळ दबते. म्हणून यांच्या जेवणात खडकातला मासा नसतो, खुल्या समुद्रातला टूना असते. जेवण एक नंबर, भात, टूनाचा रस्सा, नारळ टाकलेली भाजी, वाढताना हात आखडत नाहीत. फक्त तिखट नाही. आम्ही गोंदियावरून ठेचा नेला होता म्हणून निभावलं. बाबाची तक्रार वेगळीच, "याले काटाच नाही, मंग खाल्ल्यासारखं वाटते कुठं."

दुपारी मोजणी. हे जाहिरातीत कुठंच नाही आणि माझ्यासारख्याले हेच पाहिजे होतं. सकाळी पाणबुड्यांनी काढलेले फोटो मोठ्या स्क्रीनवर लावतात आणि सगळ्यांनी मिळून एकएक नंबरसमोर लिहायचं: जिवंत, अर्धा मेला, मेला, गायब. आमच्या टेबलावरच्या वीसपैकी तेरा जिवंत, तीन अर्धे. बाकी चार गेलेले, त्यातल्या दोघांले एका बारीक शंखानं खाल्लं होतं. गोगलगायीसारखा शंख प्रवाळ खाते हे ऐकून बाबा उडालेच, म्हणते तुमच्याकडेबी ग्रास कार्प हाये म्हणजे.

मी सरळ विचारलं, ताई, पुढच्या उन्हाळ्यात पाणी तापलं तं हे सारं मरन ना? मंग उपयोग काय? मले वाटलं आता गोल गोल उत्तर येईन. ती म्हणे हो, मरू शकते. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात पाणी एवढं तापलं की तिथल्या लोकांनी रोपवाटिकेतले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवले, आणि एका ठिकाणी वर्षानुवर्षं लावलेलं सगळं गेलं. म्हणे आम्ही मागच्या गर्मीत जे वाचले त्यांचेच तुकडे जास्त घेतो, टेबल थोडं खोल आणि पाणी वाहतं राहील तिथं ठेवतो. पण समुद्र तापणं आमच्या हातात नाही, आमच्या हातात नांगर, गाळ आणि टुरिस्टचे पाय एवढंच आहे. अख्ख्या दिवसात मले कोणी एवढं खरं बोललं नाही, हॉटेलवाला तं नाहीच.

घरी येऊन मी थोडं वाचलं. हे काम आपल्या देशात नवीन नाही. तमिळनाडूत तुतिकोरिनची एक समुद्र संशोधन संस्था मन्नारच्या आखातात वीसेक वर्षांपासून प्रवाळ लावून राहिली आहे. तिथं पूर्वी चुन्यासाठी प्रवाळ खणून नेत, त्यापायी बेटं झिजली, मंग वान नावाच्या बेटाभोवती सिमेंटचे मोठे ठोकळे टाकून लाटेचा मार कमी केला. गुजरातेत मिठापूरले २०२० च्या सुरुवातीले लोखंडी सांगाड्यात हलका वीजप्रवाह सोडून त्यावर चुना जमवायची पद्धत करून पाहिली. इंडोनेशियात वाळू लावलेले लोखंडी तारे जोडून खडक बांधतात. पद्धती बऱ्याच आहेत पण जिथं जमलं तिथं एकच दिसलं, पहिले नासधूस थांबवली, मंग लावलं. आमच्या तलावातबी पहिले ग्रास कार्प बंद केला, नाही तं वनस्पती लावायच्या म्हणजे त्याले डबा पाठवल्यासारखं.

एक प्रसंग राहिला. निघताना बायकोनं वाळूतून एक पांढरा फांदीसारखा तुकडा उचलून पर्समध्ये टाकला, देव्हाऱ्यात ठेवाले. नाववाल्यानं पाहिलं, काही बोलला नाही, फक्त हात पुढं केला. मेलेला तुकडाबी नेता येत नाही, विमानतळावर सामानात सापडला तं भानगड. आणि नेऊबी नये, त्या मेलेल्या तुकड्यावरच उद्याचं पिल्लू येऊन चिकटते. बायको दिवसभर फुगून होती, संध्याकाळी म्हणे बाजारात तं शंख विकून राहिले ना. ते बी बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तोंडाले-अंगाले लावायच्या उन्हाच्या क्रीमबद्दलबी यांनी आधीच मेसेज टाकला होता, क्रीम नको, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. काही क्रीममधली रसायनं प्रवाळाच्या पिल्लांले बाधतात म्हणून हवाईत २०२१ पासून तशा क्रीमच्या विक्रीवर बंदी आहे. आम्ही तं तशीबी क्रीम लावत नाही, बाबाचं धोतर आणि माझा फुल शर्ट. दुसऱ्या दिवशी जॉली बॉय बेटावर गेलो (पावसाळ्यात ते बंद ठेवून रेडस्किन बेट उघडतात, म्हणजे चराईबंदीसारखं), तिथं प्लास्टिक नेऊ देत नाहीत, आमच्या पिशव्या सगळ्या तपासल्या. काचेच्या तळाच्या नावेतून बाबाले तिथं पुन्हा प्रवाळ दाखवले तं ते नाववाल्यालेच समजावत होते, हे पांढरं हाये म्हणजे मेलं नाही, उपाशी हाये.

आता खरी तक्रार, ज्यापायी बाकीचा पाऊण स्टार गेला. ते दत्तक प्रकरण. प्रमाणपत्र आलं, पोरीचं नाव चुकलेलं, दुरुस्त करून दिलं, ठीक. आमचा बिल्ला नंबर १४. पोरीनं तो वहीवर, दप्तरावर, सगळीकडे लिहून ठेवलेला. सहा महिन्यानं ऑगस्टमध्ये फोटो आला, मस्त मोठी झालेली फांदी, सोबत 'तुमचं प्रवाळ आनंदात आहे' असं. पोरगी शाळेत दाखवून आली. रात्री मी फोटो मोठा करून पाहिला, सवय आहे मले, मासे मोजायची जिंदगी गेली, तं बिल्ल्यावर ४१. मले वाटलं चष्म्याचा घोळ. पोरीले दाखवलं, तिलेबी ४१ च दिसलं.

फोन केला. पहिले एका पोरानं उचलला, तो म्हणे सर सगळे सारखेच असतात. मी म्हटलं बापू, ढोरं बी सारखीच दिसतात पण मालक आपलंच ओळखते. मंग त्यानं ताईले फोन दिला. ताई एक मिनिट गप्प होती, मंग सांगितलं, १४ मे महिन्यातच गेलं. ऑफिसवाल्यांनी ज्यांचं मेलं त्यांले शेजारच्या टेबलावरचा चांगला फोटो पाठवायची पद्धत ठेवली आहे, लोकांले वाईट वाटू नये म्हणून.

मले मेल्याचं वाईट नाही वाटलं हो. वीसात चार जातात हे मी स्वतः मोजून आलो होतो. आमच्या संस्थेच्या रजिस्टरमध्ये मरतूक असा वेगळा कॉलम आहे, तो रिकामा असला तं ऑडिटवालाच विचारते, काहून जी, यंदा एकही नाही मेला? ज्या माणसांनी आम्हाले स्क्रीनसमोर बसवून मेलेले मोजाले लावले त्याच माणसांनी घरी आल्यावर खोटा फोटो पाठवायचा, हे मले समजत नाही. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही, आणि तेबी प्रवाळापायी नाही, वर्गात खोटं सांगितल्यासारखं झालं म्हणून.

म्हणून जाणाऱ्यांनी असं करा: एक दिवसाचं पॅकेज घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा पाणी शांत आणि साफ असते. घासायच्या वेळेले आपले हातमोजे घरून न्या. पोहता येत नसलं तरी चालते, जॅकेट आणि दोरी असते, पण म्हाताऱ्या माणसाले नळीनं श्वास घेणं जमत नाही, बाबानं दोनदा पाणी गिळलं आणि मंग नळी फेकून आपल्या पद्धतीनं दम धरून खाली गेले, ताई ओरडत राहिली. संध्याकाळची वेळ जास्त धरू नका, तिथं पावणेसहाच्या आतच सूर्य बुडते. जेवणासोबत ठेचा. आणि दत्तकचे दोन हजार द्यायचे असतील तं फोटोसाठी नाही, निंदणाच्या मजुरीसाठी म्हणून द्या, तसं सांगून द्या, ते घेतात. मी विचारलं होतं.

फोनवर मी ताईले दोन गोष्टी म्हटल्या. एक, १४ च्या जागी नांगी भरली असन, म्हणजे मेलेल्याच्या जागी दुसरं लावलं असन, तं त्या नव्या तुकड्याले १४ नंबर देऊ नका, नवीन नंबर द्या. दुसरी, ज्यांचं मेलं त्यांले मेल्याचाच फोटो पाठवा. ती म्हणे ऑफिसले विचारते. त्याले आता सात आठवडे झाले. काल पोरीनं त्यांच्या नंबरवर आपल्या तलावाचा फोटो टाकला, कमळाच्या पानाखाली मरळीची पिल्लं, आणि खाली लिहिलं 'यातले किती जगतील ते पुढच्या महिन्यात कळवते'. दोन निळ्या टिक आल्या आहेत, उत्तर नाही. आलं तं पाऊण स्टार वापस देईन आणि इथंच लिहीन.